लढाईचे इस्पितळ आणि नाइटिंगेलबाईंची वही

लढाईत शिपाई कशाने मरतो, असे कुणी विचारले तर आपण चटकन सांगू, गोळीने, तोफेने, फार तर संगिनीने. पण जुन्या लढायांचे हिशेब उघडून पाहिले तर वेगळेच दिसते. १८५३ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात जुंपली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंड व फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने उतरले. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमिया नावाचा मुलूख आहे, तिथे ही लढाई झाली. १८५६ साली ती मिटली तेव्हा इंग्लंडच्या फौजेतले सुमारे एकवीस हजार लोक दगावले होते. त्यातले रणात पडलेले आणि मागाहून जखमांनी गेलेले मिळून पाच हजारसुद्धा भरत नाहीत. बाकीचे सोळा हजारांवर लोक पटकीने, हगवणीने, तापाने, थंडीने गेले. म्हणजे शत्रूने एक मारला तर घाणीने आणि हयगयीने तीन मारले!

या लढाईत पहिल्यांदाच इंग्लंडच्या सरकारने आपल्या लष्करी इस्पितळात बायकांना परिचारिका म्हणून रीतसर पाठवले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हातात दिवा घेतलेल्या एका बाईचे चित्र पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. त्यांचा जन्म १२ मे १८२० चा, म्हणून दरवर्षी १२ मे हा परिचारिका दिन पाळतात. त्या चित्रामुळे झाले असे, की बाई दिवा घेऊन रात्री फिरत आणि शिपायांच्या कपाळावर हात ठेवीत, एवढीच त्यांची कथा आपल्याकडे पोचली. ती खोटी नाही. पण बाईंचे खरे काम पाहायचे तर मोरी, चूल, धुण्याचा हंडा आणि हिशेबाची वही यांच्याकडे पाहावे लागते. मी शेतीखात्यातला माणूस. मला तर त्या इस्पितळाची हकीकत वाचताना पदोपदी आपले गाव आठवत राहिले.

घरचा विरोध

फ्लॉरेन्सचे घराणे मोठे श्रीमंत. जमीनजुमला, दोन दोन वाडे, नोकरचाकर. आईबाप इटलीत फ्लॉरेन्स शहरी मुक्कामाला असताना मुलगी झाली, म्हणून तेच नाव ठेवले. वडिलांनी मुलीला घरीच लॅटिन, ग्रीक, गणित शिकवले. त्या काळी हे नवलच. मुलीने चांगल्या घरी पडावे, मुलेबाळे व्हावीत, एवढीच आईची अपेक्षा होती. स्थळही चालून आले होते. शिकलेला, कविता करणारा, पार्लमेंटात बसणारा मुलगा. तिने नऊ वर्षे विचार करून नकार दिला आणि आपल्याला रोग्यांची सेवा करायची आहे असे सांगितले. घरात रडारड झाली.

आईचेही अगदीच चुकत होते असे म्हणता येत नाही. त्या वेळच्या इंग्लंडात इस्पितळ हे गरिबांनी मरायला जाण्याचे ठिकाण होते. पैसेवाला घरीच डॉक्टर बोलावी. इस्पितळातल्या नर्सचे काम म्हणजे जिला दुसरे काही मिळत नाही तिचे काम. दारू पिणाऱ्या, वागायला बऱ्या नसलेल्या बायका, असाच त्यांचा लौकिक. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? तीसेक वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो तेव्हा एका गावातल्या शेतकऱ्याची मुलगी नर्सिंगला निघाली. भावकीतल्या चार जणांनी बापाला गाठून विचारले, रात्रपाळीला पोरगी कुठे राहणार, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, तिचे लग्न कोण करील? बाप बिचारा आमच्याकडे बियाणे न्यायला आला की त्याच एका विषयावर बोलायचा. मुलगी गेली, शिकली, तिचे लग्नही झाले, आणि आता त्याच भावकीतल्या लोकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिला विचारून ठरतात.

तर फ्लॉरेन्सने हट्ट सोडला नाही. १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिने जर्मनीतल्या कायझर्सवेर्थ गावी धर्मसेविकांच्या आश्रमात राहून रुग्णसेवेचे धडे घेतले. पुढे १८५३ मध्ये लंडनमध्ये आजारी स्त्रियांसाठीच्या एका लहान संस्थेचा कारभार हाती घेतला. कोळसा किती लागतो, चादरी किती, मुरंब्याच्या बरण्या किती, याची नोंद ती ठेवू लागली. वहीची सवय तेव्हापासूनची.

अडतीस बायका

क्रिमियात आल्मा नदीकाठी २० सप्टेंबर १८५४ रोजी पहिली मोठी लढाई झाली. जखमींना काळ्या समुद्रातून बोटीने तुर्कस्तानात आणत. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, त्याच्या समोरच्या तीरावर स्कुटारी नावाची वस्ती होती. तिथली तुर्की फौजेची एक प्रचंड बराक इंग्रजांनी इस्पितळासाठी घेतली होती. इकडे 'टाइम्स' या लंडनच्या वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी लिहून पाठवले की जखमींना पट्ट्या बांधायला कापड नाही, पाणी द्यायला माणूस नाही. फ्रेंचांकडे धर्मभगिनी आहेत, आपल्याकडे कोण आहे? इंग्लंडात एकच गहजब झाला. लष्करी खात्याचे एक मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सच्या ओळखीचे होते. त्यांनी तिला पत्र लिहून सरकारी खर्चाने परिचारिका घेऊन जाण्याची विनंती केली. तिनेही त्याच वेळी त्यांना जाण्याबद्दल पत्र टाकले होते. दोन पत्रांची वाटेत चुकामूक झाली म्हणतात.

अडतीस बायका जमवता जमवता नाकी नऊ आले. अखेर दहा कॅथलिक जोगिणी, चौदा दुसऱ्या पंथाच्या धर्मसेविका आणि चौदा पगारी नर्सा, असा मेळ जमला. २१ ऑक्टोबर १८५४ ला त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीला उतरल्या. दुसऱ्याच दिवशी इंकरमनची घनघोर लढाई झाली.

आता इथून पुढे मी त्यांना नाइटिंगेलबाई म्हणतो. ज्या बाईच्या हाताखाली अडतीस बायका आणि समोर शेकडो रोगी, तिला अरेतुरे करून चालणार नाही.

चौसोपी वाडा, पण कसला

ती बराक म्हणजे मधोमध अवाढव्य अंगण आणि चहूबाजूंनी माडीवर माडी, अशी होती. आपल्या चौसोपी वाड्याला शंभराने गुणावे. सोपे संपता संपत नाहीत, आणि दोन्ही कडांनी रोगी. खाटा पुरेनात तेव्हा फरशीवर, पेंढा भरलेल्या पोत्यावर. अंगावरचे कपडे रक्ताने आणि घाणीने कडक झालेले, त्यात उवा. भिंतीच्या आत उंदीर. हगवणीचे रोगी शेकड्यांनी, आणि शौचकूप तुंबलेले. ती घाण वाहून पुढच्या खोलीत यायची. जिना उतरून खाली गेले तर तळघरात शिपायांच्या बायकापोरांची वेगळीच दैना.

सामान नव्हते असे नाही. पुष्कळसे सामान आलेले होते, पण ते कोठीत होते! कोठावळ्याला वरच्या मंडळाचा हुकूम लागे. शर्टांचे गठ्ठे दाराशी पडलेले आणि शिपाई थंडीने कुडकुडतोय. सरकारी खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही. बाईंजवळ लोकांनी वर्गणीने दिलेला पैसा होता. त्यातून त्यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातून शर्ट, मोजे, थाळ्या, चमचे, साबण, टॉवेल, घासण्याचे ब्रश आणवले. शिपायाजवळ स्वतःचा चमचासुद्धा उरलेला नव्हता, पाठीवरची पडशी क्रिमियातच टाकावी लागली होती.

डॉक्टरांना या बायका नको होत्या. लष्करात बायका कशाला, हा एक भाग. आणि या बाई मंत्र्याच्या ओळखीने आल्यात, आपल्या चुगल्या लंडनला लिहितील, ही दुसरी भीती. इथे बाईंचे शहाणपण दिसते. त्यांनी आपल्या परिचारिकांना बजावले की डॉक्टरने सांगितल्याखेरीज एकाही रोग्याला हात लावायचा नाही. समोर माणसे तळमळताहेत आणि या बायका एका खोलीत बसून पट्ट्या फाडताहेत, गाद्या शिवताहेत. काही परिचारिका रडल्या, काहींनी बाईंना निष्ठुर म्हटले. पण इंकरमनचे जखमी बोटी भरभरून यायला लागले तेव्हा डॉक्टरांचे हात अपुरे पडले आणि त्यांनी आपण होऊन बोलावले. आमच्या खात्यात नवीन पोरे गावात जातात आणि पहिल्याच सभेत म्हाताऱ्या शेतकऱ्याला तुझे चुकते म्हणून सांगतात, त्यांना मी ही गोष्ट सांगत असतो.

चूल आणि हंडा

स्वयंपाकघराची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. मोठमोठे तांब्याचे हंडे. सकाळी प्रत्येक तुकडीचा माणूस आपल्या वाटणीचे मांस घेऊन यायचा आणि ओळखू यावे म्हणून त्याला चिंधी, खिळा, जुनी कात्री असे काहीतरी बांधून हंड्यात सोडायचा. पाणी उकळले की नाही, कोण पाहतो? आधी टाकणाऱ्याचे शिजून गाळ, शेवटच्याचे आत कच्चे. वाटप वजनावर, त्यामुळे एखाद्याच्या नशिबी नुसते हाडूक. मग त्याच न घासलेल्या हंड्यात चहा. हगवणीने आतडी सोलून निघालेल्या माणसाला हे जेवण!

बाईंनी स्वतःच्या पैशाने लहान लहान चुली मांडल्या आणि अशक्त रोग्यांसाठी पातळ पेज, अरारूट, मांसाचे सार वेगळे शिजवायला सुरुवात केली. ते ठराविक वेळी, चमच्याने, रोग्याजवळ बसून भरवायचे. १८५५ च्या वसंतात अलेक्सी स्वायर नावाचा एक नामांकित फ्रेंच आचारी आपणहून तिथे आला. त्याने हंडे, चुली आणि वाटपाची पद्धत यांत पुष्कळ सुधारणा केल्या. त्याने शोधलेली कमी जळणाची शेगडी पुढे इंग्लंडच्या फौजेत शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली.

धुण्याचेही तेच. कपडे थंड पाण्यातून नुसते बुचकळून यायचे, उवा तशाच. बाईंनी एक घर भाड्याने घेतले, पाणी तापवायचे मोठे हंडे बसवले आणि तळघरातल्या शिपायांच्या बायकांना धुण्याच्या मजुरीवर लावले. त्यांच्याही पोटाची सोय झाली.

रात्रीची फेरी खरीच होती. रात्री आठनंतर इतर परिचारिकांना रोग्यांच्या सोप्यात जायला बंदी होती, बाई मात्र एकट्या फिरत. चित्रात दाखवतात तसा तेलाचा चोचीचा दिवा मात्र त्यांच्या हातात नसे. तुर्की पद्धतीचा घडीचा, आत मेणबत्ती असलेला कंदील असे. मरणाऱ्याजवळ बसणे, त्याच्या घरी पत्र लिहिणे, त्याचे घड्याळ, पैसे आईला पोचवणे, हे त्या करीत. शिपायांचा पगार दारूत जातो हे पाहून त्यांनी तो घरी पाठवायची सोय करून दिली. वरिष्ठ म्हणत होते की हे लोक कधी पैसे घरी पाठवणार नाहीत. शिपायांनी पाठवले. मग सरकारलाही तशी व्यवस्था करावी लागली.

बाई स्वभावाने गोड होत्या असे मात्र कुणी समजू नये. दारू प्यालेल्या नर्सांना त्यांनी परत धाडले. डिसेंबरात त्यांना न विचारता चाळीसहून अधिक बायकांची दुसरी तुकडी आली तेव्हा त्या इतक्या भडकल्या की काम सोडण्याची भाषा केली. घर चालवणारी बाई कडक असतेच.

निचरा

आता खरी गोष्ट पुढे आहे. इतके सगळे करूनही मरणाचे प्रमाण कमी होईना. उलट वाढले! नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. आघाडीवर वादळाने उबदार कपड्यांचे जहाज बुडाले होते. शिपाई खंदकात थंडीने गारठून, दातांतून रक्त येत, हगवणीने खंगून यायचे, आणि स्कुटारीत आले की मरायचे. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेतलेल्या दर शंभर रोग्यांमागे जवळजवळ त्रेचाळीस मेले. परिचारिका होत्या, पेज होती, धुतलेल्या चादरी होत्या, आणि तरी हे.

शेतकरी वाचकांना मी एक विचारतो. आल्याच्या प्लॉटात कंदकूज लागली. वरून पाने पिवळी. तुम्ही महागाचे औषध आणून फवारले, आळवणी केली, खत टाकले. आणि सरीत पाणी तसेच तुंबलेले आहे. कूज थांबेल का? आधी चर काढून पाण्याला वाट करून द्यावी लागते, मग औषध. स्कुटारीच्या बराकीचे नेमके हेच होते. ती इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. वारा वाहिला की गटारातली हवा शौचकूपाच्या नळांतून वर रोग्यांच्या सोप्यात यायची. खिडक्या बंद, गर्दी अशी की दोन रोग्यांमध्ये हातभर अंतर नाही.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून सरकारने तीन जणांचे एक स्वच्छता कमिशन पाठवले. डॉक्टर सदरलँड, डॉक्टर गॅव्हिन आणि रॉलिन्सन नावाचे इंजिनियर. सोबत स्वच्छतेच्या कामात मुरलेले निरीक्षक होते. त्यांनी औषधाच्या कपाटाकडे पाहिलेसुद्धा नाही. कुदळी, फावडी आणि चुना मागितला. पाण्याचा पाट उकरला तर इस्पितळाला येणारे पाणी एका मेलेल्या घोड्याच्या सांगाड्यावरून वाहत येत होते! अंगणातून आणि भोवतालून शेकडो हातगाड्या घाण उचलली, मेलेली जनावरे पुरली, गटारे उकरून पाण्याने धुतली, त्यांना हवा जायला वाट केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांतून वारा खेळवला, गर्दी कमी केली.

जून १८५५ मध्ये शंभरी मरणाचे प्रमाण दोनाच्या थोडे वर आले. कुठे त्रेचाळीस आणि कुठे दोन! थंडी ओसरली होती, रसद सुधारली होती, येणारे रोगीही आधीइतके खंगलेले नव्हते, हे खरे आहे. पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही.

वहीने सांगितलेले

बाई १८५६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतल्या. सत्काराच्या कमानी उभारायची तयारी होती, पण त्या 'मिस स्मिथ' असे नाव सांगून गुपचूप घरी पोचल्या. राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन त्यांनी चौकशीसाठी शाही कमिशनचा आग्रह धरला. आपली सगळी नोंद घेऊन विल्यम फार नावाच्या आकडेशास्त्र्याबरोबर त्या हिशेबाला बसल्या.

तोवर त्यांची समजूत अशी होती की शिपाई उपासमारीने आणि थंडीने अर्धमेले होऊन येत होते, उशिरा येत होते, म्हणून मेले. आकडे निराळे बोलू लागले. आघाडीवरच्या तंबूंतल्या साध्या दवाखान्यांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या इस्पितळात मरणाचे प्रमाण अधिक भरले. म्हणजे ज्या इस्पितळात त्यांनी रात्रंदिवस राबून माणसे वाचवली, तेच इस्पितळ माणसे मारीत होते, आणि पहिले चार महिने ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. साऱ्या देशाने जिला देवी करून ठेवले आहे तिने हे स्वतःच्या वहीत वाचायचे, म्हणजे काय झाले असेल! परतल्यावर त्या अंथरुणाला खिळल्या, त्याचे एक कारण हा धक्काही असावा असे काही अभ्यासक मानतात.

दुसरी एखादी गप्प बसली असती. बाईंनी ते झाकले नाही, उलट आठशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला. आणि मंत्र्यांना आकड्यांचे तक्ते वाचायचा कंटाळा असतो हे ओळखून १८५८ मध्ये रंगीत आकृती छापली. बारा महिन्यांच्या बारा फोडी, गोलाकार मांडलेल्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेल्यांचा, तांबडा जखमांनी मेलेल्यांचा, काळा इतर कारणांचा. निळ्या फोडी एवढ्या मोठ्या की तांबड्या मध्यात दिसेनाशा होतात. शाळा न शिकलेल्या माणसालाही एका नजरेत कळावे असे ते चित्र आहे. त्यांनी हेही दाखवून दिले की शांततेच्या काळात इंग्लंडच्याच बराकींत राहणारे तरुण शिपाई त्याच वयाच्या बाहेरच्या तरुणांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरतात. मग बराकी बदलल्या, मोऱ्या झाल्या, लष्करी वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. लोकांनी वर्गणी करून दिलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली.

एकट्या नाइटिंगेलबाईंचेच नाव घेणे बरोबर नाही. मेरी सीकोल नावाची जमैका बेटावरची सावळ्या वर्णाची बाई होती. पटकीचे रोगी हाताळण्याचा तिला दांडगा अनुभव. लंडनमध्ये तिला कुणी परिचारिका म्हणून घेतले नाही. ती स्वतःच्या पैशाने क्रिमियात गेली, बालाक्लावा बंदराजवळ फळ्या-पत्र्यांचे एक हॉटेल उभारले, आणि तिथे शिपायांना जेवण, औषध, मलमपट्टी देऊ लागली. लढाई संपल्यावर माल अंगावर पडून तिचे दिवाळे निघाले, तेव्हा शिपायांनीच तिच्यासाठी वर्गणी केली. तिचा पुतळा लंडनमध्ये उभा राहायला मात्र २०१६ साल उजाडले. तिकडे शत्रूच्या गोटातही रशियन राजघराण्यातल्या येलेना पावलोव्हना यांनी परिचारिकांचे पथक उभे केले होते. पिरोगोव्ह या शस्त्रवैद्याच्या हाताखाली त्या बायका सेव्हास्तोपोलमध्ये तोफांच्या माऱ्यात काम करीत होत्या.

कच्चे दूध आणि कालव्याचे पाणी

मे १८५५ मध्ये बाई क्रिमियात गेल्या आणि तिथे तापाने पडल्या. जगतात की नाही अशी वेळ आली. ताप गेला, पण पुढे कित्येक वर्षे पाठदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप असे चालूच राहिले. आज डॉक्टरांचा तर्क असा आहे की तो ब्रुसेलोसिस असावा. पशुपालकांना हा रोग सांसर्गिक गर्भपात या नावाने माहीत आहे. गाय, म्हैस, शेळी गाभडते, आणि तिच्या कच्च्या दुधातून, जारेतून तो माणसाला लागतो. जनावर गाभडल्यावर जार उघड्या हाताने ओढणारे आपल्याकडे अजून आहेत म्हणून हे सांगितले. दूध उकळूनच प्यावे. वासरीला चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्यावी.

अंथरुणावरून बाईंनी चाळीस वर्षे काम केले, आणि त्यातले पुष्कळसे आपल्या देशासाठी. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. पण १८५९ साली इथल्या फौजेच्या आरोग्यासाठी कमिशन नेमले गेले तेव्हा त्यांनी प्रत्येक छावणीला प्रश्नावली धाडली. पाणी कुठून येते, मोरी कुठे जाते, कोण कशाने मरतो. इथल्या गोऱ्या फौजेत दर हजारी वर्षाला ६९ माणसे मरत होती. पुढे १८७३ च्या सुमारास हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले आहे. मग त्यांचे लक्ष शिपायाकडून रयतेकडे वळले. १८७४ च्या एका पुस्तिकेत त्यांनी दुष्काळ हटवायचा तर कालवे काढा, शेताला पाणी द्या, असे मांडले. १८७८ च्या एका लेखात सावकाराच्या पाशात सापडलेल्या रयतेची कैफियत मांडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मुंबई इलाख्यातल्या गावांच्या स्वच्छतेचा कायदा होत होता तेव्हा त्यातही त्यांनी लक्ष घातले. लढाईतल्या नर्सने आपल्या पाटपाण्याची काळजी केली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १३ ऑगस्ट १९१० रोजी नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

हिंदुस्थानातल्या लष्करी इस्पितळांसाठी शिकलेल्या परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ साली मुंबईला उतरली. त्या सगळ्या इंग्रज होत्या. पहिल्या महायुद्धानंतर, १ ऑक्टोबर १९२६ रोजी, भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायम स्वरूपात उभी राहिली. आज तिच्यातल्या परिचारिका लष्करी अधिकारी असतात, खांद्यावर तारे असतात, आणि हुद्दा मेजर जनरलपर्यंत जातो. सगळेच सुखासुखी झाले असे नाही. लग्न केले म्हणून एका परिचारिका अधिकाऱ्याला १९८८ साली नोकरीवरून कमी केले होते. तो नियम १९९५ मध्ये गेला, पण तिचा दावा सुप्रीम कोर्टापर्यंत चालला आणि २०२४ साली कोर्टाने तिला साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

माझ्या मावसभावाची मुलगी या सेवेत आहे. सुटीवर आली की बायका तिला लढाईच्या गोष्टी विचारतात, आणि ती हात कसे धुवायचे आणि रोग्याचा तक्ता तासातासाला कसा भरायचा हेच सांगत बसते. ऐकणाऱ्यांची निराशा होते.

ज्यांच्या मुली बारावीला शास्त्र शाखेत आहेत त्यांच्यासाठी एवढे नोंदवून ठेवतो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे नौदलाचे अश्विनी इस्पितळ, या दोन्ही ठिकाणी चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. शिक्षण पुरे करून सेवेत घेतलेल्या मुलीला सुरुवातीलाच लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. अटी मधूनमधून बदलतात, म्हणून कुणाकडचे जुने कात्रण न धरता त्या त्या वर्षीची जाहिरात पाहावी.